दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत एका विद्यार्थिनीचे वडील मजकडे आले. मुलीस संगणकावर हलती चित्रे तयार करण्याची विद्या शिकावयाची होती, व त्याकरिता ग्राफिक्स कार्ड घेणे अवश्य होते. त्यांच्या हातातील कागदावर दुकानदाराने दोन नावे लिहून दिली होती: ‘आरटीएक्स ३०६०’ व ‘आरटीएक्स ४०६०’. “सर, दुसऱ्याचा आकडा मोठा आहे. मग तेच घ्यावे ना?” असे त्यांनी विचारले. प्रश्न साधा होता. परंतु त्यामागे कापसाच्या एका हंगामाची शिल्लक होती. सबब घाईने उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही. आपल्या तलवाड्यातील पुष्कळ घरांत हाच प्रश्न आज ना उद्या उपस्थित व्हावयाचा आहे, म्हणून त्याचा विचार येथे थोड्या विस्ताराने करितो.

प्रथम हे कार्ड करते काय, ते पाहू. संगणकाच्या नेहमीच्या पडद्यावर आडवे १,९२० व उभे १,०८० असे एकंदर २०,७३,६०० ठिपके असतात. चित्र हलते दिसावे म्हणून ते सेकंदास ६० वेळा नवे काढावे लागते. म्हणजे दर सेकंदास १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा! संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा निष्णात सुतारासारखा आहे. अवघड काम तो उत्तम करतो, पण त्याचे हात थोडे. उसाचा फड तोडावयाचा तर सुतार काय कामाचा? तेथे टोळीच पाहिजे. ग्राफिक्स कार्ड ही अशी टोळी होय. तीत हजारो लहान गणकयंत्रे, ज्यांस ‘कोअर’ म्हणतात, एकाच वेळी सोपी गणिते करीत असतात.

ही दोन्ही कार्डे एनव्हिडिया ह्या अमेरिकन कंपनीची आहेत. ती १९९३ साली स्थापन झाली. आरंभी ही कार्डे मुख्यत्वे खेळांसाठी होती. पुढे शास्त्रज्ञांनीही त्यांचा उपयोग ओळखला. ज्या पुण्यात सी-डॅक संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, तेथेच २०२० साली ‘परम सिद्धी-एआय’ उभा राहिला. त्यात ह्याच कंपनीची ‘ए १००’ नावाची मोठी गणकयंत्रे आहेत. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जगातील ५०० महासंगणकांच्या यादीत त्यास ६३ वा क्रमांक मिळाला.

आता आपली दोन कार्डे समोरासमोर ठेवू.

आरटीएक्स ३०६० (२०२१): कोअर ३,५८४, कमाल वेग १.७७७ गिगाहर्ट्झ, स्मृती १२ गिगाबाइट, स्मृतीचा मार्ग १९२ बिट, वीज १७० वॉट.

आरटीएक्स ४०६० (२०२३): कोअर ३,०७२, कमाल वेग २.४६ गिगाहर्ट्झ, स्मृती ८ गिगाबाइट, स्मृतीचा मार्ग १२८ बिट, वीज ११५ वॉट.

नवलाची गोष्ट ही की, नव्या कार्डातील गडी कमी आहेत. परंतु त्यांचे हात चपळ आहेत. प्रत्येक कोअर घड्याळाच्या एका ठोक्यास एक गुणाकार व एक बेरीज, अशी दोन कामे करू शकतो. तेव्हा कोअरांची संख्या, दोन व वेग ह्यांचा गुणाकार करावा. पहिल्याचे उत्तर सेकंदास सुमारे १२.७ लाख कोटी कृती, व दुसऱ्याचे १५.१ लाख कोटी. म्हणजे दुसरे सुमारे १९ टक्क्यांनी सरस ठरते. प्रत्यक्ष खेळांवर ज्या स्वतंत्र चाचण्या झाल्या, त्यांतही नेहमीच्या पडद्यावर ते साधारणतः १५ ते २० टक्के पुढे आढळले.

पण टोळी कितीही चपळ असो, तिच्या हाती माल वेळेवर पोहोचला पाहिजे. पैठणच्या जायकवाडी धरणापासून माजलगावकडे जाणारा उजवा कालवा आपण जाणतोच. कालव्यातून किती पाणी जाईल, हे त्याच्या पात्रावर व पाण्याच्या वेगावर अवलंबून असते. स्मृतीचेही तसेच. १९२ बिटांस ८ ने भागून १५ ने गुणिले, म्हणजे सेकंदास ३६० गिगाबाइट येतात. १२८ बिटांस ८ ने भागून १७ ने गुणिले, म्हणजे २७२. येथे जुने कार्ड वरचढ आहे. ही उणीव भरून काढण्यास नव्या कार्डात, शेततळ्याप्रमाणे, कोअरांच्या अगदी जवळ २४ मेगाबाइटांचा साठा ठेविला आहे. जुन्यात तो अवघा ३ मेगाबाइटांचा आहे. त्यामुळे दर वेळी कालव्यावर जावे लागत नाही.

मात्र साठवणच अपुरी पडली तर शेततळे पुरत नाही. समजा, एका मोठ्या दृश्यास १० गिगाबाइट स्मृती पाहिजे. १२ गिगाबाइटांत ते सुखाने मावेल. ८ गिगाबाइटांत न मावलेला भाग संगणकाच्या मुख्य स्मृतीतून आणावा लागेल, व तो मार्ग फार अरुंद. सेकंदास २७२ ऐवजी सुमारे १६ गिगाबाइट! अशा वेळी चपळ टोळी हात बांधून बसते, किंवा कामच अर्ध्यावर थांबते. मोठी त्रिमिती दृश्ये रचणारास व संगणकास शिकविण्याचे प्रयोग करणारास ही अडचण विशेष जाणवते.

नव्या कार्डाचे आणखी दोन गुण सांगितले पाहिजेत. ते दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये स्वतः रचलेले एक चित्र घालू शकते. त्याने हालचाल गुळगुळीत दिसते. परंतु कळ दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद त्यामुळे जलद होत नाही, हे जाहिरात वाचताना ध्यानात असावे. दुसरा गुण विजेचा. पूर्ण भाराने रोज ४ तास काम धरल्यास ५५ वॉटांचा फरक वर्षास सुमारे ८० युनिटे होतो. ज्यांचा संगणक इन्व्हर्टरवर चालतो, त्यांस ही बचत थोडी नव्हे.

एक सावधगिरीची सूचना. २०२२ साली ‘आरटीएक्स ३०६०’ ह्याच नावाने ८ गिगाबाइटांचे निराळे कार्डही निघाले. त्याचा स्मृतिमार्ग १२८ बिटांचाच आहे व वेग सेकंदास २४० गिगाबाइट. नाव तेच, माल निराळा! म्हणून केवळ नाव वाचून पैसे देऊ नयेत. स्मृती व स्मृतिमार्ग हे दोन्ही आकडे खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावेत.

असो. मी त्या गृहस्थांस कोणतेही एक नाव सांगितले नाही. मुलीसच बोलावून, तुला कोणते काम करावयाचे आहे ते कागदावर लिही, असे सांगितले. तिने लिहिले: “मोठी दृश्ये रचणे, खेळ क्वचित.” नंतर वरील गणिते तिनेच फळ्यावर मांडली व वडिलांस समजावून दिली. खेळ हेच मुख्य काम असते, तर तिचे उत्तर निराळे आले असते. त्यांनी १२ गिगाबाइटांचे जुने कार्ड पसंत केले. दुकानात पैसे मोजण्यापूर्वी वडिलांनी खोक्यावरील स्मृतीचा आकडा मुलीकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतला, असे तिने मला मागाहून सांगितले.