झिजतो तो इलेक्ट्रोड वाईट?

२०१७ साली शेअर बाजारात एक वेगळीच धमाल झाली. एचईजी आणि ग्रॅफाइट इंडिया या ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड बनवणाऱ्या कंपन्यांची नावे एरवी पोलाद धंद्याबाहेर फारशी कुणी घेत नसे. त्यांचे भाव काही महिन्यांत कित्येक पटींनी चढले. निकृष्ट पोलाद ओतणाऱ्या इंडक्शन भट्ट्यांना चीनने त्या वर्षी टाळे ठोकले, त्यामुळे इलेक्ट्रोडच्या ठिणगीने भंगार वितळवणाऱ्या आर्क भट्ट्यांना मोकळे रान मिळाले. त्याच सुमारास प्रदूषणाच्या कारवाईत तिथले इलेक्ट्रोडचे कारखानेही थंडावले आणि जगभर इलेक्ट्रोडची टंचाई झाली. तेव्हा शहाणी माणसे सांगत होती, ‘पेन्सिलीत असते तेच हे. खाणीतून काढायचे, लाटायचे, विकायचे. उद्या कुणीही बनवेल.’ भाव पुढे उतरले, बाजाराच्या रीतीप्रमाणे. पण ‘कुणीही बनवेल’ ही समजूत साफ चुकीची होती आणि ती अजून गेलेली नाही.

आर्क भट्टीचा इलेक्ट्रोड खाणीतून निघत नाही, तो कारखान्यात घडवावा लागतो. कच्चा माल दोन गोष्टींचा: तेलशुद्धीकरणाच्या गाळातून किंवा दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणारा नीडल कोक, आणि त्याला बांधून ठेवणारे डांबराचे पिच. दोन्ही गरम मळायचे, प्रचंड दाबाने साच्यातून दंडगोल बाहेर काढायचा, मग तो हळूहळू भाजायचा. भाजताना पिचमधले वायू निघून जातात आणि मागे बारीक छिद्रे राहतात. ती बुजवायला दाबाखाली पुन्हा पिच पाजायचे, पुन्हा भाजायचे. एवढे झाले तरी हाती येतो तो साधा कार्बन, ग्रॅफाइट नव्हे. त्यासाठी त्याच दंडगोलातून वीज सोडून त्याला ३००० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावे लागते. तेव्हा कुठे आतले विस्कळीत अणू पापुद्र्या-पापुद्र्यांनी रचले जातात. शेवटी लेथवर आटे पाडायचे. मळण्यापासून आट्यांपर्यंत काही महिने जातात. भाव चढला म्हणून उद्या सकाळी जास्त माल काढता येत नाही, तो यामुळे.

कार्बनचे ग्रॅफाइट करण्याची पायरी अमेरिकेच्या एडवर्ड अ‍ॅचेसनच्या हाती जवळजवळ अपघाताने लागली. तो काम करत होता कार्बोरंडमवर, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडवर. भट्टी जास्तच तापली तेव्हा त्यातले सिलिकॉन उडून गेले आणि मागे शुद्ध ग्रॅफाइट उरले. १८९६ मध्ये त्याने पेटंट मिळवले आणि पुढे नायगाराच्या धबधब्यावरच्या स्वस्त विजेवर कारखाना चालवला. फ्रान्समध्ये पॉल एरू आर्क भट्टीची खटपट करत होता तो काळही हाच.

कार्बनच का, धातू का नाही? भट्टीत भंगार आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये जी ठिणगी पेटती ठेवायची असते, तिच्यापुढे तांब्याचा टिकाव लागत नाही, ते १०८५ अंशांनाच वितळते. टंगस्टन ३४२२ अंशांपर्यंत तग धरतो, पण तो महाग, जड, आणि हवेत तापला की त्याचे ऑक्साइड होऊन उडते. ग्रॅफाइट साध्या वातावरणीय दाबाला वितळतच नाही. ३६०० अंशांच्या पुढे ते थेट वाफ होते. शिवाय तापवले की बहुतेक पदार्थ मऊ पडतात, ग्रॅफाइट मात्र सुमारे २५०० अंशांपर्यंत अधिकाधिक मजबूत होत जाते.

आता दुसरी समजूत, जी माझ्या मते सर्वात जास्त घोळ घालते. चांगला इलेक्ट्रोड म्हणजे न झिजणारा इलेक्ट्रोड.

मोठ्या भट्टीतला ६०० मिलिमीटर व्यासाचा एकेक खांब एक टनाहून जड असतो. असे तीन खांब झाकणातून खाली उतरतात आणि प्रत्येकातून पन्नास-साठ हजार अँपिअरचा प्रवाह जातो. खालचे टोक वाफ होऊन झडते. वरचा लालबुंद भाग हवेत जळतो, कारण ग्रॅफाइटला उष्णतेचे भय नसले तरी प्राणवायूचे आहे. पाचशे अंशांच्या आसपासच ते हवेशी संयोग पावू लागते. म्हणून खांब खालून संपत जातो आणि वरून नवा जोडत राहायचे. पूर्वी टनभर पोलादामागे पाच-सहा किलो इलेक्ट्रोड खपायचा. आज चांगल्या भट्टीत एक ते दोन किलो खपतो. ही बचत कुठल्या जादुई, न झिजणाऱ्या पदार्थाने केलेली नाही. खांबावर वरून पाण्याचा फवारा, ठिणगीभोवती फेसाळ मळीचे पांघरूण, कमी वेळात उतरणारी हीट (म्हणजे पोलादाचा एकेक घाणा), आणि चांगला कोक अशा बारीकसारीक सुधारणांची ती बेरीज आहे.

जोडणीही पाहण्यासारखी असते. दोन खांबांच्या मध्ये दोन्ही बाजूंनी निमुळता, आटेदार ग्रॅफाइटचाच तुकडा बसतो. भट्टीवर त्याला निपल म्हणतात. क्रेनला टांगलेला नवा खांब खाली आणण्याआधी कामगार दाबाच्या हवेने खालच्या खांबाच्या खोबणीतली धूळ फुंकून काढतो, आटे नजरेखालून घालतो आणि मग ठरलेल्या जोराने पिळतो. आट्यांत चिमूटभर धूळ राहिली तर सांधा सैल बसतो, तिथे विजेला अडथळा होतो, सांधा तापतो आणि भंगाराचा ढीग ढासळून बाजूने धक्का बसला की खांब नेमका तिथेच मोडतो. मोडलेला तुकडा वितळलेल्या पोलादात पडला की त्या हीटमधल्या कार्बनचे गणितही बिघडते. झिजेपेक्षा ही मोड महागात पडते.

अ‍ॅल्युमिनियमच्या धंद्यात तर झिजणे हेच कार्बनचे काम आहे. १८८६ मध्ये अमेरिकेचा हॉल आणि तोच फ्रान्सचा एरू यांनी एकमेकांना न ओळखता शोधलेली रीत आजही चालते. विजेने अ‍ॅल्युमिना फोडायचे आणि त्यातला प्राणवायू कार्बनच्या अ‍ॅनोडने स्वतः जळून उचलून न्यायचा. टनभर धातूमागे किमान ३३४ किलो कार्बन जळायलाच हवा. प्रत्यक्षात ४०० किलोंहून जास्त जळतो. न झिजणारा अ‍ॅनोड बसवला तर? कार्बन डायऑक्साइड वाचतो, पण कार्बन जळताना मिळणारी मदत जाते आणि अभिक्रियेला जवळजवळ एक व्होल्ट जास्त लागतो. अल्कोआ आणि रिओ टिंटो यांनी २०१८ मध्ये कॅनडात एलिसिस नावाने या न झिजणाऱ्या अ‍ॅनोडसाठीच संयुक्त कंपनी काढली. हॉलच्या काळापासून मनात असलेली गोष्ट एवढी रखडली ती आळसामुळे नव्हे.

उलट उदाहरणही आहे. मिठाच्या पाण्यातून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा काढणाऱ्या कारखान्यांत ग्रॅफाइटचे अ‍ॅनोड वापरत. ते झिजले की दोन इलेक्ट्रोडमधले अंतर वाढे, अंतर वाढले की व्होल्टेज वाढे आणि बिल फुगे. हेन्री बीअरने १९६० च्या दशकात टायटॅनियमवर रुथेनियम आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडचा जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा लेप चढवला. आकार न बदलणारा अ‍ॅनोड मिळाला, तो वर्षानुवर्षे चालू लागला आणि या धंद्यातून ग्रॅफाइट हद्दपार झाले. इथे टिकाऊपणाने खरेच बाजी मारली. एका भट्टीतला दोष दुसरीत गुण ठरतो, हे विसरून टिकाऊपणाची फूटपट्टी सगळीकडे लावली जाते.

जाता जाता एक खुलासा. जालन्यात सळ्यांचे इतके कारखाने आहेत, तर तिथे इलेक्ट्रोड किती लागत असतील, असे कुणी विचारते. तिथल्या इंडक्शन भट्ट्यांना इलेक्ट्रोड लागतच नाही. भोवतालच्या तांब्याच्या वेटोळ्यातला प्रवाह भंगारातच वीज फिरवून ते वितळवतो. चंद्रपूरला फेरोमँगनीज होते, त्या धंद्यातल्या भट्ट्यांत बहुधा सोडरबर्ग इलेक्ट्रोड असतात. पत्र्याच्या नळकांड्यात वरून पेस्ट भरायची, ती भट्टीच्या उष्णतेने खाली सरकता सरकता आपोआप भाजून निघते. इथे बाहेरून तयार खांब आणण्याचा प्रश्नच नाही.

कार्बन फायबर हे इलेक्ट्रोडपेक्षा अगदी वेगळे, अंतराळयुगातले अपत्य, अशी तिसरी समजूत. वय पाहिले तर एडिसनने १८७९ मध्ये दिव्यात जाळलेला कापसाचा दोरा आणि पुढे वापरलेली जपानी बांबूची काडी हेही कार्बनचेच तंतू. ते ठिसूळ होते हे खरे, पण कोळसा करायची रीत तीच.

आणि नाते पाहायचे तर क्लीव्हलंडजवळच्या पार्मा इथल्या प्रयोगशाळेत जावे. ती होती युनियन कार्बाइडच्या नॅशनल कार्बन विभागाची. म्हणजे भोपाळमुळे आपल्याला माहीत झालेली कंपनी. तिचा हा विभाग इलेक्ट्रोड बनवणारा. १९५८ मध्ये रॉजर बेकन हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ तिथे कार्बन वितळवण्यासाठी लागणारे तापमान आणि दाब मोजत होता, तेही कार्बनच्याच ठिणगीने. इलेक्ट्रोडवर साठलेल्या ठोकळ्यात त्याला केसाहून कितीतरी बारीक तंतू सापडले. त्यांची ताणशक्ती २० गिगापास्कल भरली, चांगल्या पोलादाच्या दहापट. पण असा तंतू करायला पौंडाला एक कोटी डॉलर लागतील, असा त्याचाच अंदाज होता. बाजारात यायला दुसरी वाट लागली. ओसाकाच्या सरकारी संस्थेतल्या अकिओ शिंदोने थोड्याच काळात पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल, म्हणजे स्वेटरच्या कृत्रिम लोकरीचाच पदार्थ, भाजून धागा काढला. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विल्यम वॅट आणि सहकाऱ्यांनी तो भाजताना ताणून धरण्याचे तंत्र बसवले. १९७१ मध्ये जपानच्या तोरे कंपनीने व्यापारी उत्पादन सुरू केले. आजही रीत तीच: आधी हवेत दोनशे ते तीनशे अंशांवर, मग नायट्रोजनमध्ये हजार अंशांच्या पुढे. निम्मे वजन वाटेत वायू होऊन जाते, त्यामुळे एक किलो तंतूला जवळजवळ दोन किलो कच्चा धागा लागतो. महागाई इथून सुरू होते.

ताणून धरण्यातच सगळी गोम आहे. पापुद्रे धाग्याच्या लांबीला समांतर झाले की तंतू मजबूत होतो. इलेक्ट्रोडमध्ये नीडल कोक लागतो तोही त्याचसाठी: साच्यातून दाबताना त्याचे सुईसारखे कण लांबीच्या दिशेने झोपतात आणि त्या दिशेला वीज सहज वाहते, प्रसरण कमी होते.

म्हणून ‘पोलादापेक्षा पाचपट मजबूत’ हे जाहिरातीतले वाक्य अर्धवट आहे. कुठल्या दिशेने? लाकूड उभे सहज चिरते, तसे हे साहित्यही धाग्यांच्या आडव्या दिशेला फक्त त्यांना बांधणाऱ्या रेझिनच्या भरवशावर असते. रोल्स-रॉइसला हे फार महागात पडले. आरबी २११ इंजिनाच्या पुढच्या पंख्याची पाती त्यांनी हायफिल नावाच्या कार्बन फायबरची केली होती. वजन वाचले, ताण झेलला. मग इंजिनात पक्षी शिरला तर काय होईल, हे पाहायला १९७० मध्ये कोंबडी झाडली आणि पात्यांचा चुरा झाला. पाती टायटॅनियमची करावी लागली, खर्च आवाक्याबाहेर गेला आणि ४ फेब्रुवारी १९७१ रोजी कंपनी दिवाळखोरीत गेली. दोष तंतूचा नव्हता. ताण सोसणाऱ्या पदार्थाकडून आडवा तडाखा सोसण्याची अपेक्षा केली गेली.

‘आग लागत नाही, गंज चढत नाही’ हेही असेच. तंतू हजारो अंश सोसतो, पण निर्वात किंवा निष्क्रिय वायूत. हवेत तो इलेक्ट्रोडसारखाच जळतो, आणि रेझिन तर कितीतरी आधी हार मानते. गंज त्याला स्वतःला चढत नाही, पण कार्बन वीजवाहक असल्यामुळे ओल असेल तर तो शेजारच्या अ‍ॅल्युमिनियमला गंजवतो. दोघे मिळून बॅटरीच तयार होते, आणि खपतो तो अ‍ॅल्युमिनियम. बोइंग ७८७ चे निम्मे वजन कार्बन फायबरसारख्या संमिश्रांचे आहे, म्हणून त्यात कार्बनला लागून असलेल्या कितीतरी जागी अ‍ॅल्युमिनियम काढून टायटॅनियम घालावे लागले. विमानातले एकूण टायटॅनियम भरले वजनाच्या १५ टक्के. कार्बन फायबरच्या किमतीची चर्चा होते तेव्हा हे टायटॅनियमचे बिल सहसा कुणी त्यात धरत नाही.