इतवारीतून इतवाऱ्यात

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नातू आला. वय वर्षे अकरा. कोलार रोडवरील आमच्या वसाहतीत त्याचे मन रमेना. "आजी, तुमच्या भोपाळात पाहण्यासारखे काय आहे?" त्याच्या या प्रश्नाला मी सवयीने "तलाव" असे उत्तर दिले आणि मनातून ओशाळले. ज्या जुन्या शहराने आम्हांस प्रथम आसरा दिला, तेथे मी कित्येक वर्षांत फिरकले नव्हते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरच्या सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबांप्रमाणे आम्हीही येथे आलो. सरकारी घर मिळेपर्यंत वडिलांनी इतवाऱ्यात एक खोली भाड्याने घेतली होती. नागपुरास आमचे बिऱ्हाड इतवारीत. "इतवारीतून निघालो नि इतवाऱ्यात येऊन पडलो," असे आई हसून म्हणे. घरमालकीणबाईंना आम्ही मुले खाला म्हणत असू. आईला हिंदी धड येत नव्हते, खालांना मराठीचा गंध नव्हता. तरी ओट्यावर बसून दोघींच्या तासन्‌तास गप्पा चालत.

नातवाला घेऊन निघाले. प्रथम मोती मशीद पाहिली. सिकंदर जहाँ बेगमांनी ती १८६० साली बांधविली. १८१९ ते १९२६ या काळात येथे चार बेगमांनी राज्य केले, हे ऐकून स्वारी चकित झाली. पुढे शौकत महालावरून आम्ही चौकात शिरलो. मधोमध कुदसिया बेगमांची जामा मशीद आणि भोवती बाजाराच्या गल्ल्या. कोठे बांगड्या, कोठे जरीकाम, कोठे मण्यांनी मढविलेले भोपाळी बटवे. एका टपरीवर मीठ घातलेला चहा घेतला. त्याने तोंड वाकडे केले, पण पेला रिकामा केला!

इतवारा, मंगळवारा, बुधवारा, जुमेराती ही मोहल्ल्यांची नावे ऐकून तो ओरडला, "म्हणजे आमच्या पेठाच की!" मग मी त्यास दुसरीही गोष्ट सांगितली. १७३७ च्या अखेरीस पहिल्या बाजीरावांनी निजामाला भोपाळजवळच कोंडले. जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथे तह झाला. पुढे १८१२–१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी या शहरास वेढा घातला, परंतु वजीर मोहम्मदांनी ते पडू दिले नाही.

"म्हणजे आपणच यांच्यावर चालून आलो होतो?"

"हो. आणि १९५६ साली यांनीच आपल्याला खोली दिली."

तो काही वेळ गप्प चालत राहिला.

आमची गल्ली सापडली, घर मात्र सापडले नाही. नक्षीदार लाकडी सज्जाच्या जागी दुकानांची तीन मजली इमारत उभी होती. शेजारच्या वृद्ध दुकानदारांना खालांविषयी विचारले. त्यांना काहीच आठवत नव्हते.

येथे एक गोष्ट कबूल करावयास हवी. १९८४ च्या डिसेंबरमधील २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री विषारी वायूने जुन्या शहरात हाहाकार माजविला. आम्ही तेव्हा नव्या शहरात सुखरूप होतो. "एकदा जाऊन खालांची चौकशी करून ये," असे आई मला वारंवार सांगे. मी आज जाईन, उद्या जाईन म्हणत राहिले. काय ऐकावे लागेल, याचे भय वाटे. आई गेली, आणि चौकशी राहूनच गेली. काही किलोमीटरांचे ते अंतर तोडायला मला चाळीस वर्षे लागली आणि मी पोचले तेव्हा सांगणारे कोणी उरले नव्हते.

परतताना नातवाने आपल्या पैशांतून एक बटवा घेतला. "कोणासाठी रे?" मी विचारले. "तुझ्यासाठी. खालांची आठवण म्हणून."

वाचकहो, आपणही ज्या शहरात वसलो, त्याच्या जुन्या गल्लीत कोणी तरी आपल्या वडीलधाऱ्यांना पहिली खोली दिली असेल. सुट्टी आहे, मुले घरी आहेत, तोवर तेथे एकदा जाऊन यावे.