मळवली स्टेशनपासून पायी

दिवाळीचे चार दिवस आटोपले की पुण्या-मुंबईकडच्या घरांत एखादा रविवार मोकळा सापडतो. त्या रविवारी मळवलीला जा, असं मी भेटेल त्याला आग्रहानं सांगते. गाडी घरीच ठेवा, लोकलनं जा आणि स्टेशनापासून पुढे चालत जा.

पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना लोणावळ्याच्या आधीचं शेवटचं स्टेशन म्हणजे मळवली. मुंबईकरांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल धरावी. फलाटावर उभं राहिलं की उत्तरेला कार्ल्याचा डोंगर आणि दक्षिणेला लोहगड-विसापूरची जोडी दिसते. मधलं खोरं इंद्रायणीचं. जुलै-ऑगस्टच्या सुट्ट्यांना भाजे गावाच्या धबधब्यापाशी पाय ठेवायला जागा नसते. रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि निसरड्या वाटांवर अपघात होतात. कार्तिकात मात्र हवा स्वच्छ असते, वाट कोरडी असते आणि खाचरांतून भाताची कापणी चालू असते. मावळातल्या या भाताला स्वतःचा इतिहास आहे. घरोघरी शिजणारा इंद्रायणी तांदूळ हे इथल्याच वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राचं वाण. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ते तयार झालं आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आलं. बांधावरून जाताना कापलेल्या भाताचा वास येतो, तो घेत सावकाश चालावं.

गावाकडे जाताना पुलावरून द्रुतगती मार्ग ओलांडावा लागतो. तिथे मिनिटभर थांबा. कोकणातल्या सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतला माल दोन हजार वर्षांपूर्वी बोरघाट चढून याच बाजूनं देशावर येई. त्या व्यापाऱ्यांच्या दानातून लेणी कोरली गेली आणि वाटेवर नजर ठेवायला किल्ले उभे राहिले. १८५८ मध्ये पुणे-खंडाळा रेल्वे सुरू झाली, १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग पूर्ण झाला आणि २००२ मध्ये द्रुतगती मार्ग. प्रत्येक काळानं घाटाकडे जायला हेच खोरं निवडलं. मोटारीतून जाताना यातलं एकेक सुटं दिसतं. ही सगळी एकाच वाटेची रूपं आहेत हे चालताना कळतं.

भाजे गावात पोचल्यावर लेण्यांच्या पायऱ्या खुणावतात, पण त्या तेव्हा चढू नका. भाजे लेणी पश्चिमाभिमुख आहेत, सकाळी चैत्यगृहात अंधारच असतो. लेणी परतीच्या वाटेसाठी राखून ठेवा आणि सरळ गायमुख खिंडीचा रस्ता धरा. मळवलीपासून खिंड गाठायला दीड-दोन तास लागतात. खिंडीत डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. पायथ्याच्या लोहगडवाडीत आधी सांगून ठेवलं तर उतरल्यावर पिठलं-भाकरी आणि ठेचा मिळतो.

लोहगडाला गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे आहेत. वाट त्यांच्यामधून अशी वळत जाते की चढणारा माणूस सतत वरच्या तटाच्या माऱ्यात राहतो. वरून खाली पाहिलं की ही योजना नीट उमगते. त्यामुळे चढताना धापा टाकत थांबलात तरी बिघडत नाही. तटाची बांधणी पाहायला तेवढाच वेळ मिळतो. शिवरायांनी १६५७ मध्ये गड घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत मिळाला. पेशवाईत नाना फडणवीसांनी इथे बरंच बांधकाम केलं. वरचं सोळा कोनांचं तळं त्यांचंच. नारायण दरवाज्यापाशी भात आणि नाचणी साठवायचं भुयार आहे. खालची खाचरं पाहून आलेल्याला ते विशेष जवळचं वाटतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिलं, त्यांत लोहगड आहे. मला याचा मनापासून आनंद झाला, आणि आता गडावर प्लॅस्टिकची एकही बाटली दिसू नये असं तितक्याच तळमळीनं वाटतं.

गडाची पश्चिमेची लांब, चिंचोळी सोंड विंचवाच्या नांगीसारखी दिसते, म्हणून तिला विंचूकाटा म्हणतात. तिच्या टोकापर्यंत जरूर जा. खाली पवनेचं पाणी, समोर तुंग आणि तिकोना. पूर्वेला विसापूरचा रुंद माथा दिसतो. विसापूर लोहगडाहून उंच आहे आणि १८१८ च्या मार्चमध्ये तेच निर्णायक ठरलं. इंग्रजांनी आधी विसापूर घेतला. मग लोहगड लढवण्यात अर्थ उरला नाही. पुढे त्यांनी विसापूरचं बांधकाम पाडलं, तरी तटाची लांबच लांब रांग आजही थक्क करते. दोन्ही गड एका दिवसात होतात, पण मी तसं सुचवणार नाही. विसापूरला त्याचा स्वतंत्र दिवस द्या.

चारच्या सुमाराला भाज्याला परत या. तिकीट काढून पायऱ्या चढलात की उतरतं ऊन भव्य कमानीतून थेट आतल्या स्तूपापर्यंत पोचलेलं असतं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं हे चैत्यगृह. आतले सत्तावीस अष्टकोनी खांब किंचित आत कललेले आहेत. दगडात कोरताना त्याची काही गरज नव्हती, पण कारागिरांच्या डोळ्यांसमोर लाकडी इमारती होत्या आणि लाकडाचे खांब छताचा भार पेलायला तसेच कलते रोवत. आता वर पाहा. छताच्या कमानदार फासळ्या खऱ्या लाकडाच्या आहेत, आणि त्यांच्यावर ब्राह्मी अक्षरं सापडल्यानं त्या मूळच्याच ठरल्या. इतके पावसाळे काढलेलं ते लाकूड पाहताना मी दर वेळी गप्प होते. खाली धबधब्यात भिजून परतणाऱ्यांपैकी किती जण मान वर करून हे पाहत असतील, या विचारानं जीव हळहळतो.

इथून दक्षिणेकडे चालत गेलं की चौदा स्तूपांचा समूह लागतो, काही कातळाच्या आत, काही बाहेर. त्यांतल्या काहींवर भिक्षूंची नावं कोरलेली आहेत. शेवटाकडच्या विहारात दाराच्या एका अंगाला चार घोड्यांच्या रथातली आकृती आणि दुसऱ्या अंगाला झाडं उपटणारा हत्ती आहे. बहुतेक पुस्तकांत त्यांना सूर्य आणि इंद्र म्हटलं आहे, अभ्यासकांत मात्र त्यावर एकमत नाही. शेजारची वादक आणि नर्तकी शोधून काढा, मुलांना ती लगेच आवडतात.

कार्ले त्याच दिवशी उरकू नका. तिथलं चैत्यगृह देशातलं सर्वांत मोठं, आणि ते जंबुद्वीपात उत्तम असल्याचं वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनं शिलालेखात अभिमानानं लिहून ठेवलं आहे. दाराशीच एकवीरा आई, तेव्हा गर्दीचे दिवस टाळून जावं.

त्याआधी बेडसे करा. कामशेतला उतरून पवनानगरच्या रस्त्यानं जायचं. गर्दी जवळजवळ नसते. दर्शनी खांबांवर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी आहेत. शेजारचा विहार मागच्या बाजूला चैत्यासारखा अर्धगोल आहे, असा विहार सहसा पाहायला मिळत नाही. ही लेणी पूर्वाभिमुख आहेत, म्हणून इथे सकाळची पहिली लोकल पकडायची. दुपारी लोकलच्या फेऱ्या विरळ होतात, तेव्हा निघण्याआधी परतीचं वेळापत्रक पाहून ठेवा.