कोवळे की निबर: मटणाच्या मऊपणामागची आनुवंशिकता

हिंगोलीहून वाशीमकडे निघाले की पैनगंगेच्या अलीकडे कनेरगाव नाका लागतो. इथे मराठवाडा सरतो आणि विदर्भ सुरू होतो. शेळ्यांच्या जातींचा पट्टाही याच भागात हळूहळू पालटतो. धाराशिव-लातूरकडची काळीभोर उस्मानाबादी एका अंगाला, तर अकोला-अमरावतीकडची बेरारी दुसऱ्या अंगाला. मटणाच्या दुकानात उभे राहिलेले गिऱ्हाईक मात्र जातीची चौकशी करत नाही. त्याचा प्रश्न एकच असतो, ‘बोकड कोवळा आहे ना?’

प्रश्न रास्त आहे. एका घरी चार शिट्ट्यांत मटण हाडापासून सुटते, दुसऱ्या घरी तितक्याच शिट्ट्यांनंतरही ते दाताला चिवट लागते. जनावराचे वय, चारा, कापण्याआधीची दगदग आणि शिजवण्याची पद्धत या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. पण काही भाग आई-बापाकडून आलेला असतो. तो किती आणि कसा येतो, याचा सर्वांत खोल अभ्यास गोमांस खाणाऱ्या देशांत, तिथल्या गुरांवर झाला.

त्यासाठी आधी मऊपणा मोजता यायला हवा होता. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत वॉर्नर आणि ब्रॅट्झलर यांनी एक यंत्र घडवले. शिजवलेल्या मांसातून सुमारे सव्वा सेंटिमीटर जाडीची गोल कांडी काढायची, ती पात्याने आडवी कापायची आणि कापायला किती किलो जोर लागला ते नोंदवायचे. जोर कमी तितके मांस मऊ. आजही जगभर हेच माप चालते. अशा मोजमापांवरून दिसते की कळपातल्या जनावरांमध्ये मऊपणाचा जो फरक असतो, त्यातला साधारण तीस टक्के फरक आनुवंशिक असतो. दुधाच्या उत्पादनाइतकाच हा वाटा आहे आणि निवड पैदाशीने मऊपणा पिढ्यान्‌पिढ्या वाढवता येतो.

यामागची यंत्रणा स्नायूच्या पेशीतच असते. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू आखडून ताठ होतात. मग ‘कॅल्पेन’ नावाचे विकर स्नायूतंतूंना बांधून ठेवणारी प्रथिने तोडू लागते आणि मांस दिवसागणिक सैल पडत जाते. याच पेशीत ‘कॅल्पास्टॅटिन’ हे दुसरे प्रथिन असते. ते कॅल्पेनचा हात धरून ठेवते. कॅल्पास्टॅटिन जास्त असेल तर तोडण्याचे काम अडते आणि मांस चिवट राहते. दोन्ही प्रथिनांची जनुके प्रत्येक जनावरात असतात. फरक असतो तो त्यांच्या प्रकारांत आणि त्यांच्या जोरात.

हा फरक सर्वांत ठळक दिसला तो वशिंड असलेल्या गुरांत, म्हणजे आपल्याच गुरांच्या भाऊबंदांत. १८५४ ते १९२६ या काळात भारतातून गीर, ओंगोल, कृष्णा खोरे अशा जातींची काही जनावरे अमेरिकेत गेली आणि त्यांतून तिथे ‘ब्राह्मण’ ही जात उभी राहिली. उन्हाला, गोचिडांना आणि निकृष्ट चाऱ्याला ती पुरून उरली, पण तिचे मांस युरोपीय जातींपेक्षा चिवट निघाले. १९९०च्या सुमारास नेब्रास्कातील क्ले सेंटर इथल्या संशोधन केंद्राने दाखवले की कापल्यानंतर या गुरांच्या स्नायूंत कॅल्पास्टॅटिनचा जोर जास्त राहतो. ऑस्ट्रेलियात तर मांसाची प्रतवारी करताना वशिंडाची उंची मोजतात. वशिंड जितके उंच, तितका झेबू, म्हणजे वशिंडाच्या, वंशाचा अंश अधिक, असा त्यामागचा हिशेब.

२००२ मध्ये कॅल्पेनच्या जनुकातील मऊपणाशी जोडलेले बदल सापडले. त्यातला एक उपयोगी बदल वशिंडाच्या गुरांत फारच विरळ निघाला. म्हणून २००५ मध्ये वशिंडाच्या आणि युरोपीय अशा दोन्ही वंशांना चालेल अशी दुसरी जनुकीय खूण शोधली गेली. एका जातीत खरी ठरलेली जनुकीय चाचणी दुसऱ्या जातीला आंधळेपणाने लावता येत नाही, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

जनुकांची किंमतही मोजावी लागते. बेल्जियन ब्लू या जातीत स्नायूंच्या वाढीला आवर घालणारे मायोस्टॅटिनचे जनुक मोडलेले आहे, हे १९९७ मध्ये उलगडले. तिचे मांस भरघोस आणि मऊ, पण वासरे इतकी दांडगी की बहुतेक गाईंचे पोट फाडून वासरू काढावे लागते. उलटे उदाहरण मेंढ्यांचे. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात ‘सॉलिड गोल्ड’ नावाचा मेंढा जन्मला. त्याच्या वंशजांच्या पुठ्ठ्यांवर मांस मावेना, पण त्यांच्या पाठीचे मांस विलक्षण चिवट निघाले. कारण तेच, वाढलेले कॅल्पास्टॅटिन.

आता महाराष्ट्राकडे वळू. नांदेड-हिंगोलीकडची लाल कंधारी, लातूरची देवणी ही गुरे नांगर, वखर आणि गाडी ओढण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली. इथे गाईच्या कत्तलीवर १९७६च्या कायद्याने बंदी आहे, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे मऊपणाचा प्रश्न आपल्याकडे प्रामुख्याने शेळी-मेंढीचा आहे.

आणि इथे एक मूलभूत फरक आहे. परदेशात गोमांस थंड खोलीत एक-दोन आठवडे मुरवतात, म्हणून कॅल्पेनला काम करायला सवड मिळते. आपल्याकडे पहाटे कापलेला बोकड दुपारी ताटात येतो. कॅल्पेनचे काम जेमतेम सुरू होते, तोवर रस्सा उकळलेला असतो. घरोघरी कच्च्या पपईचा कीस लावतात तो याच उणिवेवरचा उपाय. पपईतले पपेन हे विकर कॅल्पेनऐवजी प्रथिने तोडते.

मग आपल्या मटणात मऊपणा ठरतो कशावर? मुख्यतः वयावर. स्नायूंना वेढणाऱ्या कोलॅजनच्या दोऱ्यांमध्ये वयाबरोबर पक्के जोड पडत जातात आणि ते शिजवूनही सहजी सुटत नाहीत. निबर बोकडाचे रहस्य तेच. त्यामुळे लवकर वजन धरणारी जात हीच आपली मऊ मांसाची जात. बोकड कमी वयात विक्रीच्या वजनाला पोचला तर मटण आपोआप कोवळे राहते. शेतकऱ्याला आनुवंशिकतेचा सर्वांत मोठा लाभ इथे, वाढीच्या वेगात आहे.

पूर्ण वाढलेली उस्मानाबादी शेळी साधारण ३० ते ३५ किलोंची. बोअर या दक्षिण आफ्रिकी जातीचा बोकड शंभर किलोंच्या पुढे जातो. म्हणून अनेक जण संकराकडे वळतात. पण उस्मानाबादीची ताकद वेगळी आहे. मराठवाड्याच्या उन्हात, बाभळी-बोरीच्या पाल्यावर ती जगते आणि जुळी करडे देते. संकराच्या नादात हे गुण हरवले तर वजन घेऊन उपयोग नाही.

नेमक्या निवडीने काय साधते, हे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दाखवले. बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये स्थापलेल्या या संस्थेने सुंदरबनातली छोटी गारोल मेंढी आणली आणि तिच्यातले जुळी देणारे ‘फेक-बी’ जनुक दख्खनी मेंढीत उतरवले. दिसायला-जगायला दख्खनी, पण जुळी देणारी ‘नारी सुवर्णा’ त्यातून घडली. या कामात डॉ. चंदा निंबकर यांचा वाटा मोठा आहे. कळपातल्या प्रत्येक जनावराच्या नोंदी आणि रक्ताची चाचणी यांवर ही निवड उभी राहिली.

याच संस्थेत अखिल भारतीय समन्वित शेळी सुधार प्रकल्पाचे उस्मानाबादी केंद्र आहे. जन्माचे वजन, तीन आणि सहा महिन्यांचे वजन, किती करडे झाली, अशा नोंदींवरून तिथे बोकड निवडले जातात आणि ते शेतकऱ्यांच्या कळपांत पोचतात. हिंगोली-वाशीमच्या पट्ट्यातल्या पाळकांनी आपल्या कळपात अशाच साध्या नोंदी ठेवल्या, सर्वांत झपाट्याने वाढलेले करडू आधी विकून न टाकता पैदाशीला ठेवले आणि दर दोन वर्षांनी बोकड बदलला, तर सुधारणेला प्रयोगशाळेची वाट पाहावी लागणार नाही. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांनी त्या वजनांच्या जोडीला उस्मानाबादी आणि बेरारी मटणाचा मऊपणाही यंत्रावर मोजावा. कोणत्या बोकडाची करडे लवकर वाढतात आणि कोवळी राहतात, हे त्यातून ठरेल, आणि दुकानात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला पाळकाकडे आकड्यानिशी उत्तर असेल.