स्वयंपाकघरातील रहस्यकथा

रहस्यकथा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काळोखी गल्ली, भरधाव मोटार आणि पिस्तूल उभे राहते. हे बाबूराव अर्नाळकरांचे देणे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाच्या झुंझार आणि काळा पहाड यांनी मराठी माणसाला वाचनाची गोडी लावली. (प्राध्यापक मंडळीही त्या वाचीत, कबूल कोणी करीत नाही.)

पण रहस्यकथेचा एक घरगुती प्रकारही आहे. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९३० साली कादंबरीत अवतरली. ही म्हातारी विणकाम करीत बसते आणि प्रत्येक संशयिताला आपल्या खेड्यातल्या कुणाशी तरी ताडून पाहते. तसे पाहिले तर आपल्याकडे घरोघरी एक मार्पल आहे. आपण तिला आत्या म्हणतो.

या प्रकाराचा नियम एकच: पुरावा वाचकाच्या समोर हवा, पण त्याच्या लक्षात येता कामा नये. त्यासाठी स्वयंपाकघरासारखी जागा नाही. भोरहून वरंधा घाटाने उतरले की महाड. वेल्ह्याकडच्या घरात एके दिवशी कालवणाला कांदा-सुक्या खोबऱ्याऐवजी ओल्या नारळाचे वाटण लागले, तर चाणाक्ष आत्याने ओळखावे की घरातल्या मुलाचे मन घाटाखाली गुंतले आहे. तांदळाच्या भाकरीवरून मात्र काही कळायचे नाही, ती दोन्हीकडची.

आता गुपित. मावळातल्या घरांतली गुपिते बहुधा सातबाऱ्यावर येऊन थांबतात. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. तरी बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतेच, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सहीही करते. समजा, अशाच एका घरात आजीची पाककृतींची जुनी वही निघते. आजी १९७४ साली वारलेली. वहीच्या एका पानावर आधी भाताची कृती आणि तिच्याखाली त्याच शाईत, त्याच अक्षरात लिहिलेले, ‘जमीन मुलांनाच राहावी.’ आत्याचे डोळे भरून येतात. ती सहीला तयार होते.

महाडची मुलगी सासरची चव शिकावी म्हणून तीच वही मागून घेते. कृतीत लिहिलेले असते, ‘इंद्रायणी दोन वाट्या.’

इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून काढले आणि ते शेतकऱ्यांच्या हाती आले १९८७ साली. आज भोर-वेल्ह्यात ते इतके रुळले आहे की आजोबा-पणजोबांपासूनचे वाटते. खोटे पान लिहिणाराही तिथेच फसला. आजीच्या चुलीवर शिजला असेल तर आंबेमोहर.

वाचकाने हा शब्द वाचलेला असतो आणि सोडूनही दिलेला असतो. रहस्यकथेचे खरे कसब ते हेच. वहीत ते पान घुसवणारा तिचा होणारा सासराच आहे. बोलावे तर लग्न मोडते, गप्प राहावे तर आत्याचा वाटा जातो.

माझ्या मते तिने आरोप करू नये. आत्या सुपात तांदूळ निवडीत बसलेली असताना तिच्याजवळ बसावे आणि ती कृती मोठ्याने वाचून दाखवावी.