भूमिकेचे खेळ आणि समलिंगी माणसाची जागा

आज जो विषय मी आपणांपुढें मांडणार आहें, तो ऐकून कित्येकांच्या कपाळाला आठी पडेल, हें मी जाणून आहें. विषय दुहेरी आहे. एक खेळ, आणि त्या खेळांत समलिंगी माणसाला मिळालेली अथवा नाकारलेली जागा. खेळ परका आहे. तो अमेरिकेंत जन्मला. माणूस मात्र परका नाहीं. तो प्रत्येक गांवीं, प्रत्येक शाळेंत आणि पुष्कळदां आपल्याच घरीं असतो. म्हणून थोडा वेळ मन मोकळें ठेवून ऐकावें, एवढीच प्रार्थना आहे.

प्रथम खेळ कसा असतो तें सांगतों. माझी पुतणी सुटींत मैत्रिणींसह तो आमच्या घरीं खेळते, त्यामुळें तो मला जवळून पाहावयास मिळाला. भातुकली आपण सर्वांनीं पाहिलेली आहे. एक मूल आई होतें, दुसरें पाहुणा होतें, आणि रिकाम्या बोळक्यांत भात शिजतो. त्या भातुकलीला नियमांचें पुस्तक आणि फासे द्यावे, म्हणजे हा खेळ झाला. चारपांच गडी टेबलाभोंवतीं बसतात. प्रत्येकजण एक पात्र घेतो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एकजण सूत्रधार होतो. ‘तुम्ही एका पडक्या किल्ल्यापाशीं आलां आहां, दार अर्धवट उघडें आहे, आतां काय करतां?’ असें तो विचारतो आणि गडी आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात. धाडस साधलें कीं फसलें हें फाशावर ठरतें. त्यांतला प्रसिद्ध फासा २० बाजूंचा असतो. येथें जिंकणें-हरणें नाहीं. सर्वांनीं मिळून एक गोष्ट रचावयाची आणि आपल्या पात्राच्या रूपानें त्या गोष्टींत राहावयाचें, हाच खेळ. या जातीचा पहिला प्रसिद्ध झालेला खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. विस्कॉन्सिन संस्थानांतील गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटांतील डेव्ह आर्नेसन या दोघांनीं तो १९७४ सालीं तीन लहान पुस्तिकांच्या रूपानें बाजारांत आणला.

आतां कोणी विचारील, कीं यांत समलिंगी माणसाचा संबंध कोठें आला? उत्तर सोपें आहे. या खेळाचें सारें भांडवल कल्पना हेंच आहे. ज्या जगांत राक्षसांना जागा आहे, उडत्या नागांना आहे, मेलेल्या राजांच्या भुतांनाही आहे, त्या जगांत एका पुरुषाचें दुसऱ्या पुरुषावर किंवा एका स्त्रीचें दुसऱ्या स्त्रीवर प्रेम असूं शकतें हें कोठेंच आढळत नसेल, तर तो अभाव वाचणाऱ्याच्या लक्षांत आल्यावांचून राहत नाहीं. विशेषतः ज्याचें स्वतःचें मन तसें आहे, त्याच्या तर पहिल्या पानापासूनच लक्षांत येतो.

या खेळाच्या इतिहासांत एक दुःखद प्रकरण आहे, तें येथें सांगणें आवश्यक आहे. १९७९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत मिशिगन स्टेट विद्यापीठांतून १६ वर्षांचा एक अत्यंत बुद्धिमान विद्यार्थी नाहींसा झाला. तो हा खेळ खेळत असे. विद्यापीठाच्या इमारतींखालीं वाफेच्या नळांचीं भुयारें होतीं. त्यांत खेळतां खेळतां तो हरवला असावा असा तर्क निघाला, आणि वृत्तपत्रांनीं तो देशभर पोंचविला. सुमारें महिन्याभरानें मुलगा दूर लुइझियाना संस्थानांत सांपडला. पुढल्या वर्षीं त्यानें आपलें जीवन संपविलें. १९८१ सालीं अशाच वार्तांवरून सुचलेली एक कादंबरी निघाली, १९८२ सालीं तिचा चित्रपट झाला, आणि हा खेळ मुलांना वेड लावतो ही समजूत घरोघर गेली. मुलाच्या शोधासाठीं नेमलेला गुप्तहेर विल्यम डिअर यानें १९८४ सालीं या प्रकरणावर पुस्तक लिहिलें, तेव्हां निराळें चित्र पुढें आलें. वयापेक्षां फार लवकर विद्यापीठांत आल्यामुळें वांट्याला आलेला एकटेपणा, घरच्या अपेक्षांचें ओझें, मादक द्रव्यें, आणि आपण समलिंगी आहों या जाणिवेचें दडपण, अशीं खरीं कारणें होतीं. भुयारांचा आणि फाशांचा त्यांत दोष नव्हता. खेळाविरुद्ध पुष्कळ लिहिलें गेलें; परंतु मनांतली गोष्ट कोणापाशीं बोलण्याची सोय त्या मुलाला होती काय, हा प्रश्न त्या गदारोळांत मागें पडला.

याचा परिणाम उलटाच झाला. टीकेला भिऊन खेळाच्या प्रकाशकांनीं पुस्तकें अधिक सोंवळीं केलीं. १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तींतून सैतान आणि पिशाच्च यांचीं जुनीं नांवें काढून टाकण्यांत आलीं. लेखकांसाठीं आचारसंहिता होती, तिच्यांत सर्व लैंगिक विषय टाळावे असें बजावलेलें होतें. वरवर पाहतां हा नियम सर्वांना सारखा वाटतो. पण तो तसा नव्हता. राजाला राणी असे, राजपुत्र राजकन्येला सोडवून आणी आणि तिच्याशीं विवाह करी. त्याला कोणी ‘लैंगिक विषय’ म्हणत नसे. दोन सरदार एकमेकांवर प्रेम करतात असें लिहिलें असतें, तर मात्र तो विषय लैंगिक ठरला असता. अशा नियमांत अन्याय उघड दिसत नाहीं, म्हणूनच तो फार काळ टिकतो.

हें मौन ज्या पुस्तकांनीं मोडलें त्यांत २००५ सालीं ग्रीन रोनिन या प्रकाशन संस्थेनें काढलेल्या ‘ब्लू रोज’ या खेळाचें नांव अवश्य घेतलें पाहिजे. त्यांत ऑल्डिस नांवाचें एक कल्पित राज्य आहे. तेथें समलिंगी जोडप्यांना इतरांसारखाच मान आहे. त्या राज्याच्या भाषेंत समलिंगी प्रेम करणारांना एक नांव आहे, आणि स्त्रीपुरुष असें प्रेम करणारांनाही एक नांव आहे. ही गोष्ट लहान वाटेल, पण तिच्यांत मर्म आहे. आपल्या व्यवहारांत ज्याला आपण वेगळें मानतों त्यालाच नांव ठेवतों. बहुसंख्यांना नांवाची गरज भासत नाहीं, ते केवळ ‘माणसें’ असतात. दोघांनाही नांव दिलें कीं दोघेही एका पंक्तीला बसतात. या राज्याशेजारीं जार्झन नांवाचें धर्मसत्तेचें कठोर राज्य आहे; तेव्हां असहिष्णुता जगांत नाहींच असा भोळेपणा या लेखकांनीं केलेला नाहीं.

‘ब्लू रोज’च्या लेखकांपैकीं एक जेरेमी क्रॉफर्ड. आपण समलिंगी आहों हें त्यांनीं उघडपणें सांगितलेलें आहे. पुढें ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या मूळ खेळाची पांचवी आवृत्ति तयार झाली, तेव्हां तिच्या प्रमुख रचनाकारांत ते होते. २०१४ सालीं निघालेल्या तिच्या खेळाडूंच्या पुस्तकांत एक लहानसा परिच्छेद आहे. आपलें पात्र स्त्री कीं पुरुष या दोनच कप्प्यांत बसविलें पाहिजे असें नाहीं, आणि त्याचें मन कोणाकडे ओढ घेतें हेंही ज्याचें त्यानें ठरवावें, अशा आशयाचा तो आहे. त्यानें एकाही फाशाचें दान बदलत नाहीं. पण दूरच्या खेडेगांवांत एकट्यानेंच पुस्तक वाचणाऱ्या मुलाला तो परिच्छेद सांगतो, कीं हें पुस्तक लिहिणारांना तुझ्यासारखीं माणसें ठाऊक आहेत.

परिच्छेदांत परवानगी असते. गोष्टींत माणसें असावीं लागतात. २०१८ सालीं निघालेल्या ‘वॉटरडीप: ड्रॅगन हाइस्ट’ या साहसकथेंत एका गल्लींत एम्ब्रिक आणि अव्ही नांवाचे दोन लोहार आहेत. एक अग्नितत्त्वाचा, दुसरा जलतत्त्वाचा. एक शस्त्रें घडवितो, दुसरा चिलखतें. आणि ते दोघे विवाहित जोडपें आहेत. कथेचें रहस्य त्यांच्या प्रेमावर अवलंबून नाहीं, त्यांच्यावर विशेष संकट कोसळत नाहीं, कोणी त्यांची थट्टा करीत नाहीं. गडी तलवार घ्यावयास जातात आणि तेथें हे दोघे आपलें दुकान चालवीत असतात. माझ्या मतें चांगलें चित्रण तें हेंच. ज्या गोष्टींत समलिंगी पात्र येतें तें केवळ रडण्यासाठीं, मरण्यासाठीं किंवा खलनायक होण्यासाठीं, तेथें जागा दिल्यासारखी दिसते खरी, पण ती उंबऱ्याबाहेरची जागा असते.

कांहीं रचनाकारांनीं याही पुढें जाऊन खेळाच्या नियमांतच हा विचार घातला. ॲव्हरी ॲल्डर यांचा ‘मॉन्स्टरहार्ट्स’ हा खेळ २०१२ सालचा. त्यांतले गडी शाळेंत जाणारीं तरुण पोरें असतात, आणि गुप्तपणें कोणी रक्तपिपासु असतो, कोणी लांडगा, कोणी भूत. त्यांत एक नियम असा आहे, कीं आपल्या पात्राला कोणाविषयीं ओढ वाटावी हें खेळाडूनें ठरवावयाचें नाहीं. तें फाशांनीं ठरतें, मग समोरचें पात्र स्त्री असो वा पुरुष. ओढ वाटल्यावर काय करावें, एवढेंच खेळाडूच्या हातीं. हा नियम पाहून मी थक्क झालों. ‘हें सारें मनावर घेतलें तर सुटतें’ असा उपदेश आपण सहज करतों. ओढ निवडतां येत नाहीं, वागणें निवडतां येतें, हें जें तास दोन तास व्याख्यान देऊनही पटवितां येत नाहीं, तें हा नियम खेळतां खेळतां शिकवितो. अशा खेळांना मानही मिळूं लागला आहे. तलवार चालविणाऱ्या आणि स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या नायिकांचा ‘थर्स्टी स्वोर्ड लेस्बियन्स’ हा एप्रिल किट वॉल्श यांचा खेळ २०२१ सालीं निघाला, आणि २०२२ सालीं त्याला खेळलेखनाचा नेब्युला पुरस्कार मिळाला.

येथवर पुस्तकांविषयीं झालें. पण पुस्तक कितीही उदार असलें, तरी खेळ शेवटीं टेबलाभोंवतीं होतो आणि तेथें माणसें असतात. एखादा गडी सहज हंसत समलिंगी पात्राची विटंबना करूं लागला, तर पुस्तकांतला परिच्छेद धांवून येत नाहीं. यासाठीं खेळणारांनीं कांहीं साध्या युक्त्या काढल्या आहेत. रॉन एडवर्ड्स यांनीं २००३ सालीं ‘रेघ’ आणि ‘पडदा’ अशा दोन कल्पना मांडल्या. जें गोष्टींत मुळींच येऊं नये त्याच्यापुढें रेघ ओढावयाची. जें घडलें तरी चालेल, पण रंगमंचावर दिसूं नये, त्यावर पडदा टाकावयाचा. खेळापूर्वींच सर्वांनीं हें ठरवून घ्यावें. २०१३ सालीं जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांनीं आणखी एक युक्ति सुचविली. टेबलाच्या मध्यभागीं फुली काढलेलें एक कार्ड ठेवावें. कोणाला कांहीं असह्य झालें तर त्यानें त्या कार्डाला हात लावावा, कीं तो प्रसंग तेथेंच सोडून पुढें जावयाचें. कां, असें कोणी विचारावयाचें नाहीं.

हें शेवटचें वाक्य मला फार मोलाचें वाटतें. समलिंगी मुलाची अडचण अशी असते, कीं थट्टा थांबवावयाची तर ‘ती मला लागली’ असें सांगावें लागतें. आणि तसें सांगितलें कीं जें इतके दिवस जपलें तेंच उघडें पडतें. म्हणून तो गप्प बसतो, आणि आपण समजतों कीं त्याला कांहीं वाटत नाहीं. कारण न विचारणारा नियम ही कोंडी फोडतो.

मीं उभा जन्म शाळेंत घालविला. एका वर्षीं स्नेहसंमेलनाच्या नाटकांत एका मुलाला स्त्रीभूमिका दिली होती, आणि ती त्यानें उत्तम वठविली. दुसऱ्या दिवसापासून वर्गानें त्याला एक नांव ठेवलें. हजेरी घेतांना त्याचा क्रमांक आला कीं मागल्या बांकावरून तें नांव ऐकूं येई आणि हंशा पिके. मला वाटे, चार दिवसांत विसरतील. तो मुलगा पुढें कुठल्याच कार्यक्रमांत उभा राहिला नाहीं. त्याच्या मनांत काय आहे हें शोधणें माझें काम नव्हतें. हंसणाऱ्यांना थांबविणें माझें काम होतें, आणि तें मीं केलें नाहीं. टेबलावरचें तें फुलीचें कार्ड पाहिलें तेव्हां मला प्रथम तो मुलगा आठवला.

कोणी म्हणेल, खेळ हा करमणुकीसाठीं; त्यांत हे प्रश्न कशाला आणावे? माझें उत्तर असें, कीं प्रश्न पूर्वींपासून तेथें होताच. राजाराणीच्या प्रत्येक गोष्टींत होता. फरक एवढाच, कीं पूर्वीं तो न बोलतां एका बाजूनें सोडविलेला असे. आणि करमणुकींतच माणूस सर्वांत मोकळा असतो. जो मुलगा घरीं आणि शाळेंत एक शब्द बोलूं शकत नाहीं, तो एखाद्या कल्पित सरदाराच्या तोंडून तो शब्द उच्चारून पाहतो, आणि टेबलाभोंवतींचे मित्र न हंसतां ‘बरें, मग पुढें काय झालें?’ असें विचारतात. त्या एका प्रश्नानें त्याला कळतें, कीं आपली गोष्ट पुढें चालूं शकते.

आपल्या घरांतलीं मुलें असा कोणताही खेळ खेळत असतील, तर दारांतून एकदां अवश्य डोकावावें. फासे कसे पडतात हें पाहण्यासाठीं नव्हे. तेथें कोणी गप्प बसलेलें नाहीं ना, एवढें पाहण्यासाठीं.