बंदुकीचा परवाना आणि राज्यसंस्थेचा शब्द

उत्तर भारतातील एका जिल्ह्यात मी जिल्हा दंडाधिकारी होतो, त्या काळातील दोन फायली मला अजूनही आठवतात. दोन्ही शस्त्रपरवान्याच्या, दोन्ही एकाच महिन्यातल्या. पहिली एका ठेकेदाराची. त्याच्याकडे दोन बंदुका आधीच होत्या, तिसरे शस्त्र म्हणून पिस्तूल हवे होते. तेव्हा कायद्याने तीन शस्त्रांची मुभा होती, पोलिसांचा अहवाल अनुकूल होता आणि सोबत एका आमदाराचे शिफारसपत्रही होते. दुसरी फाइल एका अल्पभूधारक शेतकऱ्याची. भावाच्या खुनाचा तो एकमेव प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होता आणि आरोपी जामिनावर सुटून गावात परतले होते. त्याने एकनळी बंदूक मागितली होती. ठाण्याचा अहवाल सांगत होता : ‘अर्जदाराची सांपत्तिक स्थिती बेताची. शस्त्र बाळगण्याची क्षमता नाही.’

पहिला अर्ज मी मंजूर केला, दुसरा नामंजूर. केवळ पुरेशी मालमत्ता नाही या कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे १९५९च्या शस्त्र कायद्याचे चौदावे कलम स्पष्टपणे सांगते. ते मला ठाऊक होते. तरीही मी ठाण्याच्या अहवालाखाली सही केली. कारण अहवालाच्या विरोधात जाऊन दिलेल्या परवान्यातून पुढे काही विपरीत घडले, तर उत्तर अधिकाऱ्याला द्यावे लागते. नाकारलेल्या परवान्यामुळे काही विपरीत घडले, तर कुणालाच द्यावे लागत नाही.

बंदुकीच्या हक्काची चर्चा आपल्याकडे बहुधा अमेरिकेकडे पाहून होते. तिथल्या शाळेत गोळीबार झाला की आपण हळहळतो, आणि ‘आपल्याकडे बरे आहे’ असे म्हणून विषय मिटवतो. हे अर्धसत्य आहे. अमेरिकी राज्यघटनेत १७९१ पासून शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुरुस्ती आहे. आपल्या घटनेतील एकोणिसाव्या अनुच्छेदाने जमण्याचे स्वातंत्र्य दिले ते ‘शांततेने व विनाशस्त्र’ या अटीवर. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२३ मध्ये, उत्तर प्रदेशातील बेकायदा शस्त्रांचा प्रश्न स्वतःहून हाती घेताना, हा फरक अधोरेखित केला. परंतु हक्क नाही, म्हणून प्रश्न नाही असे होत नाही. जिथे हक्क नसतो तिथे मर्जी असते, आणि आपला खरा वाद या मर्जीशी आहे.

हा हक्क आपण विसरून गेलो असेही नाही. तो विचारपूर्वक नाकारला गेला. लॉर्ड लिटन यांच्या काळातील १८७८च्या कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केले आणि युरोपीयांना मोकळीक दिली. हा अपमान राष्ट्रीय चळवळीच्या मनात इतका खोल रुतला होता की, १९३१च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. त्याच ठरावाचा आधार घेऊन डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी संविधान सभेत दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. देशावर संकट आले असता शस्त्र हाती घेणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरू शकते, व्यक्तीचा सरसकट हक्क मात्र नव्हे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. ज्या गावगाड्यात बंदूक, जमीन आणि जात बहुधा एकाच वाड्यात नांदत होती, तिथे शस्त्राचा हक्क प्रत्यक्षात कुणाच्या हाती पडला असता, हे सांगायला नको.

मला ही भूमिका आजही योग्य वाटते. पण तिच्यात एक करार गृहीत आहे. नागरिकाने शस्त्र खाली ठेवायचे आणि राज्यसंस्थेने त्याच्या जिवाची हमी घ्यायची. कराराची पहिली बाजू आपण कायद्याने लादली. दुसरी मात्र ठाण्याच्या सोयीवर सोडली.

सरकारी आकडेवारीनुसार २०१६ अखेर देशात ३३ लाख ६९ हजार शस्त्रपरवाने होते आणि त्यांतील सुमारे १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. उत्तरेत परवान्याची बंदूक म्हणजे प्रतिष्ठा. लग्नाच्या वरातीत ती नवरदेवाच्या घोड्याइतकीच आवश्यक मानली जाते. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात पावणेतीन लाखांहून अधिक परवाने अपात्रांना दिले गेल्याचा आरोप असून केंद्रीय अन्वेषण विभागाने त्याचा तपास केला. त्या यादीत माझ्या शेतकऱ्यासारखे किती असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

डिसेंबर २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. मूळ विधेयकात ती एकच होती. वडिलोपार्जित शस्त्रांचा प्रश्न पुढे आला आणि सरकार एक पाऊल मागे आले. आनंदाच्या भरात बेफिकिरीने केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद झाली, ती योग्यच. बेकायदा शस्त्रनिर्मितीची शिक्षाही जन्मठेपेपर्यंत वाढवण्यात आली. पण शिक्षा वाढवणे सोपे. मुंगेरला जाणे अवघड.

बिहारमधील मुंगेरात अठराव्या शतकात मीर कासिमने बंदुकांचा कारखाना उभारला. ती कारागिरी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. स्वातंत्र्यानंतर तिथल्या परवानाधारक कारखान्यांना ठरावीक संख्येत एकनळी आणि दुनळी बंदुका बनवण्याची परवानगी राहिली. पुढे परवान्याच्या बंदुकीची मागणी आटली, कारागिरांचे हात रिकामे झाले आणि ते आसपासच्या गावांतील छुप्या भट्ट्यांकडे वळले. आज ‘मुंगेरी’ हा पिस्तुलाचा एक प्रकारच होऊन बसला आहे. २०१८ मध्ये तर तिथल्या एका गावातून एके-४७ रायफली हस्तगत झाल्या. त्यांचा माग जबलपूरच्या लष्करी शस्त्रभांडारापर्यंत पोहोचला. देशातील बंदुकीने होणारे बहुतांश खून विनापरवाना शस्त्रांनी होतात. म्हणजे ज्या फायलींवर आम्ही अधिकारी महिनोन्‌महिने बसतो, त्यांचा या खुनांशी फारसा संबंधच नाही. कट्टेवाला अर्ज करत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा शस्त्रांना आळा घालण्यासाठी राज्यांना समित्या नेमण्यास सांगितले. समित्यांबद्दलचे माझे मत मी सेवेतच बनवले आहे. ते इथे देत नाही.

या पार्श्वभूमीवर आसामकडे पाहावे लागते. २८ मे २०२५ रोजी तिथल्या मंत्रिमंडळाने ‘संवेदनशील आणि दुर्गम’ भागांतील मूलनिवासी व स्थानिक नागरिकांना उदारपणे शस्त्रपरवाने देण्याचा निर्णय घेतला. धुबरी, बारपेटा, नगाव, मोरीगाव, दक्षिण सालमारा-मानकाचार हे जिल्हे मुख्यमंत्री हिमंत विश्व शर्मा यांनी नावानिशी सांगितले. बंगाली भाषक मुस्लिमांची मोठी वस्ती असलेले हे जिल्हे. तिथले स्थानिक अल्पसंख्य असून त्यांना असुरक्षित वाटते, असे सरकारचे म्हणणे. भीती खोटी असेलच असे नाही. पण मर्जीचे हे निराळे रूप आहे. पूर्वी ती व्यक्तीव्यक्तींत भेद करी, इथे ती समुदायासमुदायांत करते. आणि मोरीगाव जिल्ह्यातच नेल्ली आहे. १८ फेब्रुवारी १९८३ रोजी तिथे आणि आसपासच्या गावांत सरकारी आकड्यांनुसारच दोन हजारांहून अधिक माणसे मारली गेली, त्यांत बव्हंशी बायका आणि मुले. ती कत्तल प्रामुख्याने दाव आणि भाल्यांनी झाली होती.

याला जम्मूच्या डोंगराळ भागाचे उत्तर दिले जाते आणि ते झटकून टाकण्यासारखे नाही. तिथे नव्वदच्या दशकात ग्राम संरक्षण समित्यांना थ्री-नॉट-थ्री रायफली दिल्या गेल्या. पोलीस पोहोचायला कित्येक तास लागतील अशा वाड्यांना त्यांचा आधार वाटला. पण ती शस्त्रे व्यक्तीला मालकीने मिळालेली नव्हती. ती पोलिसांची होती. छत्तीसगडमध्ये मात्र सल्वा जुडूमच्या काळात अल्पशिक्षित आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून माओवाद्यांविरुद्ध सशस्त्र उतरवण्यात आले, तेव्हा जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. आपली जबाबदारी राज्याला अशी दुसऱ्याच्या खांद्यावर देता येत नाही. मणिपूरमध्ये मे २०२३ नंतर शस्त्रागारांतून सुमारे सहा हजार शस्त्रे लुटली गेली. २०२५च्या आरंभी राज्यपालांनी मुदत देऊन आवाहन केल्यावर हजाराहून अधिक परत आली. उरलेल्यांतील कित्येक अजून गावांच्या वेशींवर असतील. एकदा गावात गेलेली बंदूक परत आणणे किती कठीण, ते तिथे दिसते.

परवाना नाकारताना लेखी कारणे देण्याची तरतूद कायद्यात आहेच. मंजूर करतानाही ती नोंदवावीत आणि दोन्ही जाहीर करावीत, इतकी साधी सुधारणा कुणी मनावर घेत नाही. साक्षीदार संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केली आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेने ती अधिसूचित करणे राज्यांवर बंधनकारक केले. माझ्या वेळी तीही नव्हती.

अर्ज नामंजूर झाल्यावर तो शेतकरी मला भेटायला आला होता. त्याने वाद घातला नाही. ‘साहेब, बंदूक नको तर नको,’ तो म्हणाला, ‘खटला संपेपर्यंत रात्रीच्या वेळी एक शिपाई तेवढा गावात ठेवा.’ मी ठाण्याला पत्र लिहिले. मनुष्यबळ उपलब्ध नाही, असे उत्तर आले आणि ते खरेही होते. पुढच्या वर्षी साक्षीची तारीख लागली, तेव्हा माझी बदली झालेली होती. आपण त्या रात्री काहीही पाहिले नाही, असे त्याने न्यायालयात सांगितल्याचे मला नंतर कळले.